माझे यंत्र भंगारात जाऊ नये म्हणून

मी दवाखान्यात असताना माझ्या मुलाने भंगारवाला घरी बोलावून त्याला माझे यंत्र दाखवले, म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, हे दुसरे कारण. पण केवळ तेवढ्यासाठी मी आज कागद पुढे ओढला नसता.

लिहून देणार : श्रीमती कुमुदिनी सयाजी नलवडे, वय सत्तर, शिक्षण बी. एस्सी. (भौतिकशास्त्र), पाटबंधारे खात्यातून निवृत्त, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. मी थांबत नाही हे पाहून त्यांनीच थांबवले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. घरावर माझे दडपण आहे असे माझा मुलगा म्हणतो, पण तो या कागदाचा विषय नव्हे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

लिहिताना मला अधूनमधून उठावे लागेल. पलीकडच्या खोलीत यंत्र चालू आहे आणि चालू यंत्राला एकटे सोडायचे नसते. दोन्ही साक्षीदार समोर बसले आहेत. त्यांना या मिळकतीतून चहाशिवाय काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

१. यंत्राचे वर्णन

आम्हाला कळलेच नाही हे कोणते यंत्र, असे पुढे कोणी म्हणू नये म्हणून आधी वर्णन. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत, जिथे पूर्वी शिकवणीचा वर्ग भरत असे, तिथे टेबलाएवढी एक ॲल्युमिनियमची चौकट आहे. तिच्यावर लाकूड कोरणारे हत्यार बसवले आहे. संगणकात काढलेल्या रेषेप्रमाणे ते मागे-पुढे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली आपोआप फिरते. लोक याला सीएनसी म्हणतात. कारखान्यातले विकत मिळते. हे मी घरी केले आहे. मोटारी टपालाने मागवल्या, दोन जुन्या झेरॉक्स मशीनमधून काढल्या, वायरी स्वतः जोडल्या. पहिल्या वर्षी ते गोल कापायला सांगितले की अंडे कापत असे. आता गोल कापते.

हे का केले असे पुष्कळांनी विचारले. एकदा लेखी सांगून टाकते. मला अभियांत्रिकीला जायचे होते. कॉलेज सांगलीला होते आणि वडील म्हणाले, पोरगी एकटी सांगलीला ठेवायची नाही. बी. एस्सी. झाले आणि पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले. अनुरेखक म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून त्याच रेषा शाईने पुन्हा काढणारा माणूस. धरणे, कालवे, डोंगरांच्या समउंचीच्या रेषा, सगळे मी गिरवले. आरेखकाच्या, म्हणजे नकाशा स्वतः काढणाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज केले. प्रत्येक वेळी साहेब म्हणत, "बाई, तुमचा हात इतका सुरेख आहे, तुम्हाला इथून हलवलं तर आमचं कसं होणार?" निवृत्तीच्या समारंभात त्याच साहेबांच्या जागी आलेल्या दुसऱ्या साहेबांनी माझ्या हाताचे कौतुक केले आणि नारळ दिला.

त्यानंतर मला गिरवायचे नव्हते. माझी रेषा मला काढायची होती आणि गिरवण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करायचे होते. तो दुसरा कोणी म्हणजे हे यंत्र. यात भावनेचा भाग एवढाच.

(इथे उठून आले. हत्यार बोथट झाल्यासारखा आवाज आला होता. बोथट नाही, सागवानाला गाठ लागली होती. पन्हाळ्याचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरायला लावला आहे, दुपारपर्यंत चालेल.)

२. घर

राजारामपुरीतील दुमजली घर माझ्या यजमानांनी व मी मिळून बांधले. यजमानांनी आपला हिस्सा मला लिहून दिला होता. माझ्या पश्चात संपूर्ण घर माझा मुलगा ऋतुराज याचे होईल. अपवाद : कलम १ मधील तळमजल्याची खोली. मालकी त्याची राहील, पण तिचा वापर कलम ६ मध्ये सांगितलेल्या व्यक्तीकडे ती व्यक्ती जिवंत असेपर्यंत राहील. ती खोली कोणत्याही शिकवणीला, दवाखान्याला किंवा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने देता येणार नाही. या तिन्ही चौकश्या दवाखान्यात मी असतानाच येऊन गेल्या, हे मला माहीत आहे.

३. ठेवी व दागिने

बँकेतील ठेवी ऋतुराज व त्याची पत्नी अनुजा यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. पाटल्या व मोहनमाळ अनुजाची. कुड्या मी अंगावर घालून जाणार नाही, त्याही तिच्याच. सोने मोडून गाडी घ्यायची नाही.

४. माहेर

हातकणंगल्याच्या जमिनीतील माझ्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र मी भाऊ पिराजी याला फार पूर्वी करून दिले आहे. बहिणींनी सही करायची आणि साडी घेऊन परत यायचे, अशी आमच्याकडे रीत. मी सही केली. ते हक्कसोडपत्र रजिस्टर झाले आहे, माझा राग झालेला नाही. तेव्हा मिळालेली इरकल साडी वरच्या कपाटात उजव्या बाजूला आहे. घडी मोडलेली नाही. ती पिराजीला परत द्यावी. देताना काही बोलू नये.

५. दीर बाळासो यांचेसाठी

बाळासोंचा उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. मला नट बसवायला एक पितळी गुंडी कातून हवी होती. मोजमापासह चित्र घेऊन गेले. चित्र उलटे धरून ते म्हणाले, "वैनी, ह्ये काय? शेवयाचं यंत्र करायलायसा व्हय?"

"नाही," मी म्हटले. "आणि चित्र सुलटे धरा."

कामगार हसले. बाळासोंनी गुंडी करून दिली, भोक मध्यापासून सरकवून. सरकवले की सरकले, हे त्यांनाच ठाऊक. परत घेऊन गेले तर म्हणाले, "घरगुती कामाला एवढं चालतंय की."

ती गुंडी मी जपून ठेवली आहे. ती बाळासोंना द्यावी आणि त्यांच्या कारखान्यात दर्शनी भागी ठेवण्याची विनंती करावी. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आणखी काही नाही. आजारपणात रोज डबा त्यांच्याच घरून आला, तेही इथे नोंदवते. भाजी खारट असे.

(पुन्हा उठून आले. भुसा ओढणाऱ्या नळीचे तोंड निसटले होते. अंबादासराव म्हणतात, "कुमुदताई, बसा की जरा निवांत." अंबादासराव शेजारी राहतात, एसटीतून निवृत्त झाले, आणि दुपारच्या झोपेत यंत्राचा व्यत्यय येतो म्हणून त्यांनी माझी दोनदा तक्रार केली आहे. साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले, कारण ते माझ्या बाजूचे आहेत असे कोर्टात कोणी म्हणू शकणार नाही.)

६. यंत्र कोणाला

पहिल्या मसुद्यात मी यंत्र एका तंत्रनिकेतनाला लिहिले होते. तिथले विभागप्रमुख बघायला आले. त्यांना फार आवडले. म्हणाले, "मॅडम, काचेच्या कपाटात ठेवू. खाली तुमच्या नावाची पाटी लावू."

"चालवणार कोण?"

"चालवायचं कशाला? बिघडेल ना."

त्यांना चहा दिला आणि ते कलम खोडले.

ऋतुराजला देता येत नाही. त्याने भंगारवाला आणला तो लोभाने नव्हे, हे मी न्यायाने लिहिते. तो दूध संघात चांगल्या नोकरीला आहे. मला धाप लागायला लागली तेव्हापासून तो यंत्राकडे वैऱ्यासारखा बघतो. "आई, डॉक्टर भुशात बसू नको म्हणत्यात आणि तू सकाळपास्नं त्यातच. मशीन ऱ्हाईल आणि तू जाशील," असे तो मला दवाखान्यात म्हणाला. तोपर्यंत भंगारवाला येऊन गेला होता, ते मात्र बोलला नाही. ते मला अंबादासरावांकडून कळले. ते मोसंबी घेऊन आले होते.

त्या दिवशी यंत्र वाचले ते अनुजामुळे. भंगारवाल्याने चौकट उचलायला हात घातला तेव्हा ती जिन्यावरून म्हणाली, "पावणं, करंट हाय त्यात. परवाच एक मांजर चिकटलं." भंगारवाला रस्त्यावर जाऊन उभा राहिला. यंत्राची वायर त्या वेळी भिंतीतून काढलेलीच होती, आणि आमच्या गल्लीतली सगळी मांजरे जिवंत आहेत.

आता मला अनुजाबद्दल लिहायचे आहे आणि ते सरळ लिहिणार आहे. तिचे आणि माझे फार जमले असे नाही. ती मोठ्याने बोलते, दारे आपटते, आणि मी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या पद्धतीने करून दाखवते. वरच्या मजल्यावर तिचे शिलाईचे काम चालते. ब्लाउज शिवते, बाह्यांवर नक्षी छापते.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळी बँकेत गेले होते. घरातली हत्यारे पूजायचा तो दिवस. तिने आपले शिलाईचे यंत्र पूजले, विळी पूजली, ऋतुराजची दुचाकी पूजली आणि खाली आली. माझ्या यंत्रावर जे जे चकाकत होते त्या सगळ्याला तिने हळदकुंकू लावले. चकाकत होते ते म्हणजे नेमके सरकण्याचे दांडे आणि आटे पाडलेला लांब स्क्रू. ज्यावर धुळीचा कण बसू नये म्हणून मी रोज फडके फिरवते, त्यावर. वर झेंडूची माळ. आणि नारळ यंत्राच्या पाटावर फोडलेला.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले तर ते कण्हले आणि अडकले. तेलात कुंकू कालवून त्याचा लगदा झाला होता. मी वर जाऊन जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "देवाच्या पूजेनं बिघडतंय असलं मशीन काय कामाचं, आई? माझं बघा, वर्षाला पूजतो, धडधडीत चालतंय."

"तुझ्या मशीनला तू कुंकू कुठे लावतेस?"

"वर. मुंडक्याला."

"मग माझ्याच यंत्राला गळ्यापासून पायापर्यंत का?"

"तुमच्या यंत्राचं मुंडकं कुठं हाय, ते मला काय ठावं?"

मी खाली आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली आणि न विचारता स्क्रू उघडायला बसली. मी उभी राहिले. संध्याकाळपर्यंत तिने सगळे धुतले, पुसले, जोडले. जोडताना एका मोटारीच्या वायरी उलट्या लावल्या. मी तपासायला हवे होते, तपासले नाही. तपासणीसाठी दाराची पाटी कोरायला लावली. 'नलवडे' हे नाव आरशात दिसावे तसे उलटे कोरून निघाले.

मी रागावणार तोच तिने पाटी हातात घेतली. अंगठा फिरवला. "आई, छाप्याला असंच उलटं लागतंय की," ती म्हणाली. मग जिना चढून पळत गेली, रंगाचा पाट आणि कापडाचा तुकडा घेऊन आली, पाटी रंगात बुडवली आणि दाबली. कापडावर 'नलवडे' सुलटे उमटले. आम्ही दोघी हसलो. ती या घरात लग्न होऊन आल्यापासून तिच्याबरोबर मी मोकळेपणाने हसले असेन तर तेव्हा. पाटी वाया गेली.

त्यानंतर तिला छापे हवे होते. कोयऱ्यांचे, वेलींचे, मोरांचे. मी म्हटले, हे यंत्र डोंगरांसाठी केले आहे, कोयऱ्यांसाठी नाही.

"मग डोंगर घालून कोण हिंडणार हाय?" ती म्हणाली.

मी तिला यंत्राला हात लावू दिला नाही. काही महिन्यांनी, भंगारवाला येऊन गेला त्याच आजारपणात, दवाखान्यातून घरी आले, तर पाटाखाली बारीक भुसा होता आणि वर एक कोयरी. कडा थोड्या चिरल्या होत्या. हत्यार वेगात चालवले होते. विचारले तर म्हणाली, "बंद ठिवलं तर गंजतंय म्हणून चालवलो." हा माझाच नियम होता.

तेव्हा : माझे यंत्र, त्याचा संगणक, हत्यारे, वायरी आणि सुटे भाग यांसह, माझ्या पश्चात माझी सून अनुजा ऋतुराज नलवडे हिचे एकटीचे होईल. तिने त्यावर काय कोरावे यावर माझी अट नाही. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला. ज्याला काही करायचे आहे त्याच्याकडे हत्यार असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

७. क्रियाकर्म

साधे करावे. पण सुतकात खोली बंद करू नये. यंत्र रोज थोडा वेळ चालवावे, दांड्यांना तेल द्यावे. कोणी नातेवाईक नावे ठेवील तर त्याला बाळासोंकडे पाठवावे. खंडेनवमीला पूजा जरूर करावी. फूल चौकटीवर ठेवावे, हळदकुंकू लाकडी पाटावर लावावे आणि नारळ बाहेर पायरीवर फोडावा.

८. कलम ६ मधील बदल

इथपर्यंत लिहून वाचायला दिले. दुसऱ्या साक्षीदार, ॲडव्होकेट वर्षाराणी यादव, आमच्याच गल्लीतल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"काकू, हे तुम्ही गेल्यावर लागू होईल."

"मृत्युपत्र म्हणजे तेच ना?"

"हो. पण तुम्ही बुधवारी ठणठणीत बऱ्या झालात तर?"

"तर काय?"

"तर यंत्र तुमचंच. भुसा तुम्हाला बंद, त्यामुळे तुम्ही चालवणार नाही. तुमचं आहे म्हणून अनुजावहिनी चालवणार नाहीत. ऋतुराजदादा रोज भुणभुण करतील आणि एक दिवस तुम्ही थकून हो म्हणाल."

मी म्हटले, मी थकत नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बघितले. सूज होती. मी पदर सारखा केला.

हा विचार मी केलाच नव्हता. मेल्यानंतरचे सगळे ठरवले होते, जगले तर काय ते ठरवले नव्हते. मी जगले तरच यंत्र भंगारात जाईल, असा हा हिशेब झाला.

ऋतुराजला हाक मारली. तो वरून आला, हात पुसत. त्याला कलम ६ वाचून दाखवले. मग विचारले, "तुला दिले असते तर काय केले असतेस?"

"विकलं असतं," तो म्हणाला. साक्षीदारांसमोर म्हणाला. खोटे बोलत नाही, हा त्याचा गुण वडिलांचा.

"अनुजाला आज दिले तर?"

"आज म्हंजे तुझ्याकडनं काढून?"

"होय."

"मग तू त्या खोलीत जायची न्हाईस?"

"मालकिणीला विचार."

त्याने अनुजाकडे बघितले. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिने नुसती मान हलवली, नाही, जाऊ देणार नाही म्हणून. ऋतुराज म्हणाला, "मग दे. मी भंगारवाल्याचा नंबर काढून टाकतो." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फोनमधून काढून टाकला.

म्हणून कलम ६ मधील 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले असून खोडीवर सही केली आहे. यंत्र मृत्युपत्रातून वगळले आहे. जिवंतपणी दिलेली वस्तू मृत्युपत्रात लिहायची नसते असे वर्षाराणी म्हणतात. तशी ती वेगळ्या नोंदीत, खाली. बाकीची कलमे जशीच्या तशी.

हे सर्व मी स्वतःच्या अक्षरात, समजून उमजून लिहिले असून साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे व मी त्यांना.

सही : कुमुदिनी स. नलवडे

साक्षीदार :
१. अंबादास रामचंद्र कुंभोजकर, राजारामपुरी
२. ॲड. वर्षाराणी विलास यादव, राजारामपुरी

कोल्हापूर, रविवार, दिनांक १६ फेब्रुवारी २०२५

ताबा दिल्याची नोंद

वरील दिनांकी, वरील साक्षीदारांसमक्ष, कुमुदिनी सयाजी नलवडे यांनी अनुजा ऋतुराज नलवडे यांना बक्षीस म्हणून पुढील वस्तू हातोहात दिल्या :

यंत्र, चालू स्थितीत, अर्धे काम पाटावर असताना.
संगणक, त्यातील सर्व चित्रांसह.
कापण्याची हत्यारे, डबीसह. दोन बोथट आहेत, वेगळी ठेवली आहेत.
डोळ्यांवरचा चष्मा व नाकावरची पट्टी. पट्टी नवी आणावी.
तेलाची बुधली.
खोलीच्या किल्ल्या, दोन्ही.

घेणाऱ्या म्हणतात : "मिळालं. आई, आता बाहेर जाऊन बसा, भुसा उडतोय. दार लावून घेतो."

देणाऱ्या म्हणाल्या, एक किल्ली माझ्याकडे असू दे, अडचणीला लागेल. घेणाऱ्यांनी दिली नाही. बरोबर केले.

देणार : कुमुदिनी स. नलवडे
घेणार : अनुजा ऋ. नलवडे